सजीवांची लक्षणे

सजीवाला निर्जीवापासून वेगळे ठरवणारे गुणधर्म. पेशीमय रचना, चयापचय (ऊर्जा मिळवण्याच्या आणि द्रव्य घडवण्याच्या पेशीतल्या रासायनिक क्रिया), वाढ, समस्थिती, उद्दीपनाला प्रतिसाद, प्रजनन, आनुवंशिकता आणि उत्क्रांती ही त्यांतली प्रमुख. शाळेत ही यादी पाठ करून घेतली जाते. मात्र एकेक लक्षण सुटे काढले तर ते निर्जीवातही सापडते आणि एखाद्या सजीवात दिसतही नाही, म्हणून ती एकत्रच पाहावी लागतात.

मुंबईत हा फरक समजून घ्यायला भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठासारखी जागा नाही. मिठागरे आणि तिवरांचे खाजण तिथे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हीकडे येणारे खारे पाणी एकाच खाडीचे. वाफ्यातले पाणी उन्हाने आटले की मिठाचा खडा धरतो आणि वाढत जातो. ही वाढ बाहेरून थर बसून होते. तिवराचे रोप आतून वाढते : त्याच्या पेशी हवा, पाणी आणि उन्हापासून स्वतःचे द्रव्य घडवतात आणि विभागतात. पाण्यातले बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवले जाते, आत शिरलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडते. पान जिभेला लावले तर खारट लागते ते यामुळे. बाहेर कितीही खारे असो, आतले प्रमाण सांभाळणे म्हणजे समस्थिती. तिला सतत ऊर्जा लागते. खाजणाच्या चिखलात ऑक्सिजन फारच कमी, म्हणून तिवराची श्वसनमुळे खुंट्यांसारखी वर येतात. त्याच चिखलात निवटी हा मासा ओल्या त्वचेतून ऑक्सिजन घेतो आणि पावलांची चाहूल लागताच बिळात शिरतो.

पेशी हा जीवविज्ञानाचा पहिला पाया. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात कप्पे पाहिले. त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. श्लायडेन (१८३८) यांनी वनस्पती आणि श्वान (१८३९) यांनी प्राणी पेशींचे बनलेले असल्याचे मांडले. पेशी पेशीपासूनच निर्माण होते, हे सूत्र फिरखो यांनी १८५५ मध्ये रूढ केले.

चयापचय दर वेळी डोळ्यांना दिसत नाही. बरणीतले कडवे वाल महिनोन्महिने खड्यासारखे पडून असतात. आतला व्यवहार जवळपास थांबलेला असतो. भिजवून फडक्यात बांधले की मोड येतात, तेव्हा कळते की ते सुप्त होते. तेच वाल आधी उकळले तर कितीही बांधून ठेवा, मोड येणार नाहीत. द्रव्य बहुतांशी तेच, पेशीतली घडी मात्र मोडलेली.

या भेदावरच मुंबईतले एक मोठे काम उभे राहिले. १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला, तेव्हा जिवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगचे जिवाणू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मेलेले जिवाणू वाढू शकत नाहीत, पण त्यांच्या रेणूंची ओळख शरीराला पटते आणि प्रतिकारशक्ती तयार होते.

प्रजनन हे लक्षण प्रत्येक जीवाला लावता येत नाही. खेचर वांझ असते, तरी ते सजीवच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी सात वर्षे फुलत नाही. आठव्या वर्षी सगळी एकदम बहरते, बी धरते आणि वाळून जाते. असे बहर २०१६ आणि २०२४ मध्ये आले. टिकून राहते ते झुडूप नव्हे, त्याचा वंश. हा वारसा डीएनएच्या रेणूत असतो. त्याची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली. वारशाच्या नकलेत अधूनमधून बदल होतात आणि त्यांतले परिस्थितीला पेलणारे पुढच्या पिढ्यांत वाढत जातात. डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या नैसर्गिक निवडीचा हा गाभा. खाऱ्या चिखलात तगणारे तिवर त्यातूनच घडले.

विषाणू या व्याख्येच्या कडेवर आहेत. त्यांच्यात आनुवंशिक द्रव्य असते, उत्क्रांतीही होते. पण पेशी नाही आणि स्वतःचे चयापचय नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावरच त्यांच्या प्रती तयार होतात. म्हणून बहुतेक जीवशास्त्रज्ञ त्यांना सजीवांत धरत नाहीत, तरी त्यांचा अभ्यास जीवविज्ञानातच होतो.