बॅटरीऐवजी बर्फ

सौर फ्रिज म्हटलं की छतावर पॅनेल, खाली बॅटरी आणि तिला जोडलेला नेहमीचा फ्रिज असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तसाही तो चालतो. पण तीन ते पाच वर्षांत बॅटरी मान टाकते आणि फ्रिजचं कपाट होतं. 1980 च्या दशकापासून वीज न पोचलेल्या भागांतल्या आरोग्यकेंद्रांत लसींसाठी असे फ्रिज बसवले गेले आणि त्यातले कितीतरी याच कारणाने पडून राहिले. पॅनेल धड, कॉम्प्रेसर धड, फक्त नव्या बॅटरीला पैसे नाहीत.

रात्री आपल्याला हवा असतो तो थंडावा. मग वीज साठवायचीच कशाला? ऊन आहे तोवर बर्फ करून ठेवावा. बर्फ हजारदा वितळला आणि गोठला तरी झिजत नाही.

शून्य अंशाचा 1 किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी होताना 334 किलोज्यूल उष्णता पिऊन टाकतो. एवढ्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. आता वरून झाकण उघडणारी 100 लिटरची पेटी घ्या, चहूबाजूंनी 10 सेंटिमीटर फोम भरलेली. बाहेर 33 अंश, आत 5. हिशेब केला तर भिंतींतून साधारण 11 वॅट उष्णता आत झिरपते, म्हणजे शून्याच्या बल्बपेक्षाही कमी. दिवसाला जेमतेम 3 किलो बर्फ वितळेल. 15 किलो बर्फ असेल तर पेटी पाच दिवस उन्हाशिवाय तग धरेल.

अर्थात पेटी रिकामी असेल तर. नुकतंच काढलेलं 35 अंशांचं 5 लिटर दूध त्यात ठेवून 5 अंशांवर आणायचं म्हटलं की सुमारे 600 किलोज्यूल, म्हणजे पावणेदोन किलो बर्फ एका झटक्यात गेला. उलट झाकण उघडून आतली सगळी हवा बदलली, तरी दमट हवेतल्या बाष्पासकट खर्च होतो तो फार तर 25 ग्रॅम बर्फ. ‘दार लाव, गार हवा जातेय’ म्हणून लहानपणी जेवढी बोलणी खाल्ली, तेवढा काही आमचा गुन्हा नव्हता. दूध आधी विहिरीच्या पाण्यात ठेवून निववलं तर बचत खरी.

खरी अडचण कॉम्प्रेसरची. साधी मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कैक पट प्रवाह ओढते. बॅटरी तो देते, पॅनेलला ते झेपत नाही, आणि ढग आडवा आला की सगळं ठप्प. यावर 1990 च्या दशकाच्या अखेरीस ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये तोडगा निघाला. चंद्रावरच्या वस्तीसाठी शीतकरणावर काम करणाऱ्या नासाच्या अभियंत्यांनी डीसीवर, म्हणजे पॅनेल देतं त्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारा, वेग बदलू शकणारा कॉम्प्रेसर थेट पॅनेलला जोडला. सुरुवातीच्या धक्क्यासाठी थोडी वीज साठवून एकदम सोडणारे कपॅसिटर लावले. ऊन चढेल तसा कॉम्प्रेसर जोरात पळतो, ऊन उतरलं की रेंगाळतो. त्याच तंत्रातून पुढे ‘सनडँझर’चे फ्रिज बाजारात आले.

बर्फाचा एक दुर्गुणही आहे. त्याला खेटून ठेवलेली कोथिंबीर काळी पडते आणि काही लसी गोठल्या की निकामी होतात. वेल्समधल्या ‘शुअर चिल’ कंपनीने यावर पाण्याचाच एक विक्षिप्त गुण वापरला. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे कप्प्याभोवती पाण्याचं वेष्टण ठेवून वरच्या बाजूला बर्फ केला, तर बर्फ वरच तरंगतो आणि 4 अंशांचं जड पाणी खाली उतरून कप्प्याला वेढून राहतं. ते तापलं की हलकं होऊन वर, बर्फाकडे जातं आणि पुन्हा गार होऊन खाली. ना पंप, ना थर्मोस्टॅट. मला या सगळ्या प्रकारातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

याच विचाराची मोठी आवृत्ती म्हणजे पुण्याच्या इकोझेन कंपनीची ‘इकोफ्रॉस्ट’ ही शेतमालासाठीची सौर शीतखोली. तिच्यातही दिवसा थंडावा साठवून रात्री वापरतात.

बॅटरीविना चालणाऱ्या लसींच्या फ्रिजने 43 अंश उष्म्यात, ऊन नसताना किमान तीन दिवस टिकलं पाहिजे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अट आहे. कोकणातल्या आषाढाला तीन दिवस पुरायचे नाहीत. तिथे बर्फाचा साठा वाढवण्यापेक्षा पॅनेल मोठं घ्यावं. ढगाळ उजेडातही ते थोडी वीज देतं, आणि संपलेला बर्फ पुन्हा गोठवायला तीच लागणार असते.