दहा मिनिटांचे अंतर

१३ मार्च २००६ रोजी सकाळी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील एका खासगी चाचणी केंद्रात आठ निरोगी पुरुष आपापल्या खाटांवर तयार होते. त्यांपैकी सहाजणांना टीजीएन १४१२ हे नवे औषध आणि दोघांना प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेले द्रव्य, शिरेतून दिले जाणार होते. मोबदला सुमारे दोन हजार पौंडांचा होता. माकडांना जी मात्रा विनातक्रार सोसली होती, तिच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा माणसांसाठी निवडली असल्यामुळे कागदावर सारे निर्धोक दिसत होते. एकाला औषध दिल्यावर सुमारे दहा मिनिटांनी पुढच्याला, असा क्रम ठरला होता.

पहिल्या माणसाच्या शरीराने उत्तर द्यायला तासभर लागला, आणि तेवढ्या वेळात रांग जवळजवळ संपली होती. डोकेदुखी, कंबरदुखी, उलट्या, ताप आणि मग एकामागून एक अवयव निकामी होऊ लागणे, हे सहाही जणांच्या बाबतीत घडले. अतिदक्षता विभागातील उपचारांमुळे सर्वांचे प्राण वाचले, पण एकाला पायांची बोटे आणि हाताच्या बोटांचे काही भाग गमवावे लागले. ज्या दोघांना काहीच झाले नाही, त्यांना प्लासिबो मिळाले होते.

घोटाळा मात्रेच्या गणितात नव्हता, तर माकड आणि माणूस यांच्यातील एका बारीक फरकात होता. आपल्या रक्तातील टी पेशींवर, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींवर, सीडी२८ नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारे प्रथिन, असतो आणि हे औषध त्यालाच थेट चेतवत असे. जुन्या संसर्गांच्या अनुभवाने तरबेज झालेल्या काही टी पेशींवर माणसात हा ग्राही असतो. चाचणीत वापरलेल्या जातीच्या माकडांत त्याच पेशींवर तो नसतो. त्यामुळे माकडांत जे शांतपणे पार पडले, त्याने माणसात सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचा पूर आणला. या घटनेनंतर युरोपात दोन गोष्टी बदलल्या. अशा औषधांची पहिली मात्रा ठरवताना प्राण्यांना किती सोसते एवढेच न पाहता, मानवी पेशींवर किमान किती मात्रेने परिणाम दिसू लागतो हे पाहिले जाऊ लागले. आणि गटातील एकालाच आधी औषध देऊन, पुरेसा वेळ थांबून, मगच इतरांकडे वळण्याची पद्धत रूढ झाली. माझ्या मते यातला दुसरा बदल अधिक मोलाचा आहे, कारण पेशींविषयीचे आपले ज्ञान पुन्हा अपुरे पडू शकते, पण थांबायला ज्ञान लागत नाही.

तरीही थांबणे दरवेळी जमतेच असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरात बीआयए १०-२४७४ या औषधाची वाढीव मात्रा रोज घेणाऱ्या गटातील एकाला १० तारखेला रुग्णालयात हलवावे लागले. त्याच्या प्रकृतीचा नेमका अंदाज येण्याआधीच दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांना ठरलेली मात्रा देण्यात आली. त्या माणसाचा पुढे मृत्यू झाला आणि गटातील इतर काहींच्या मेंदूवर परिणाम झाला.

असे अपघात विरळा आहेत. आपल्याकडे परदेशात शोधलेले औषध माणसाला पहिल्यांदाच देण्याची चाचणी सहसा होत नाही, कारण पहिल्या टप्प्याची तिथली माहिती आधी सादर करावी लागते. भारतातील निरोगी स्वयंसेवक बहुतांशी जातात ते जैवसमतुल्यतेच्या चाचण्यांना. त्यात एकच व्यक्ती मूळ औषध आणि त्याचे जेनेरिक रूप काही दिवसांच्या अंतराने घेते. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे, सकाळी गोळी घ्यायची आणि मग शिरेत बसवलेल्या नळीतून ठरलेल्या वेळी पुनःपुन्हा रक्त द्यायचे, असा तो कार्यक्रम असतो. रक्तातील औषधाचे प्रमाण दोन्ही वेळा ठरावीक मर्यादेत सारखे आले, तर जेनेरिकला मान्यतेचा मार्ग मोकळा होतो. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमागे अशा उपाशी सकाळी असतात.

स्वयंसेवकाच्या प्रकृतीला यातून काहीही लाभ नसतो, म्हणून मोबदला असतो; तो वेळेचा आणि गैरसोयीचा मानला जातो, धोक्याचा नव्हे. २०१९ च्या नियमांनुसार समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे, आणि स्वयंसेवक कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडू शकतो. नैतिकता समिती मोबदल्याचा आकडाही तपासते, कारण रक्कम फार मोठी झाली की गरजू माणूस संमतीपत्र वाचण्याआधीच सही करतो.

पैशाचा दुसरा परिणाम अधिक छुपा आहे. एका चाचणीचे औषध शरीरातून पूर्णपणे निघून जाण्याआधीच कोणी दुसऱ्या केंद्रात नाव नोंदवले, तर दोन औषधांची गाठ पडते. त्याला अपाय होण्याचा धोका असतोच, शिवाय त्याच्या रक्तातून निघणारे आकडेही खोटे ठरतात. फ्रान्समध्ये यासाठी स्वयंसेवकांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि वर्षभरात मिळू शकणाऱ्या मोबदल्यावर मर्यादाही आहे. आपल्याकडे अनेक केंद्रे बोटांचे ठसे घेतात. पण जिथे अशी नोंद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रापर्यंत पोहोचत नाही, तिथे तपासणीच्या टेबलावर विचारलेला एक साधा प्रश्न उरतो: गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या कोणत्या चाचणीत भाग घेतला होता का? त्याचे खरे उत्तर देणाऱ्याला त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागते.