दोन नेमसर्व्हर म्हणजे डोमेनची वाटणी नव्हे

ऑफिसच्या नेटवर्कात नेणारं व्हीपीएन जोडलंय, ऑफिसचा नेमसर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) १०.८.०.१ पिंगला उत्तर देतोय, पण विकी.ऑफिस.इंटर्नल काही उघडत नाही. मग हमखास सल्ला येतो: रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (लिनक्सची नेमसर्व्हरांची यादी असलेली फाइल) ऑफिसचा नेमसर्व्हर दुसऱ्या ओळीत टाक, पहिल्याकडे सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारेल. नाही विचारणार! सांगून सांगून जीभ झिजली.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन झोपला असेल तर आपण दुसऱ्या गेटवर जातो. पण तो जागा आहे आणि ‘या नावाचं इथं कोणी राहत नाही’ म्हणाला, तर परत फिरतो. पहिल्या ओळीतला ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक नेमसर्व्हर, नेमकं हेच सांगतो. .इंटर्नल हे डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलंय, म्हणजे बाहेर ते सापडणारच नाही. येतं ते एनएक्सडोमेन (‘असं नावच नाही’), आणि ती अडचण नव्हे, ते पूर्ण उत्तर आहे. जीलिब्सी (लिनक्सची मूळ लायब्ररी, प्रोग्रामांसाठी नावं हीच शोधते) ते घेऊन गप्प बसतं. पहिला सर्व्हर ५ सेकंद मुका राहिला किंवा सर्व्हफेल (‘मला जमलं नाही’) म्हणून त्याने हात वर केले, तरच दुसऱ्याची पाळी. ओळी उलट्या लावल्या तर विकी उघडतं, पण घरच्या सगळ्या चौकश्या ऑफिसात जातात आणि व्हीपीएन तुटलं की प्रत्येक साइट रखडते.

डीएनएसमास्कमध्ये (आपल्याच मशीनवर किंवा राउटरवर चालणारा, चौकश्या पुढे पाठवणारा छोटा डीएनएस सर्व्हर) नुसत्या दोन सर्व्हर= ओळी लिहिल्या तर आणखीच मजा. स्ट्रिक्ट-ऑर्डर हा पर्याय लावलेला नसेल तर तो क्रम पाळतच नाही; जो उत्तर देताना दिसतो त्याला झुकतं माप. म्हणून सकाळी चालतं, दुपारी नाही, आणि लोक ‘कॅशे साफ कर’ म्हणत बसतात.

हवी असते ती ही ओळ:

सर्व्हर=/ऑफिस.इंटर्नल/१०.८.०.१

वाटणी त्या दोन तिरक्या रेघांमध्ये आहे. ते नाव आणि त्याच्या पोटातली सगळी नावं १०.८.०.१ कडेच, उरलेली नेहमीच्या सर्व्हरकडे. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये मात्र एकटा १२७.०.०.१ (म्हणजे आपल्याच मशीनवरचा डीएनएसमास्क) ठेवा, शेजारी ‘असू दे’ म्हणून ८.८.८.८ नको.

सर्व्हर= च्या जागी अ‍ॅड्रेस= लिहिणारेही भेटतात. त्याने त्या डोमेनमधल्या प्रत्येक नावाला तोच पत्ता मिळतो, आणि विकी, गिट, मेल सगळं १०.८.०.१ वरच जाऊन आदळतं. एकदा बघितलं की कळतं.

तरीही उत्तर येत नसेल तर डीएनएसमास्कचा लॉग बघा. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) रिबाइंड संरक्षण, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरने खासगी पत्ता उत्तरात दिला तर तो अडवणं, मुळातच चालू असतं आणि १०. ने सुरू होणारी उत्तरं ते फेकून देतं. त्यासाठी अख्खं संरक्षण बंद करू नका, रिबाइंड-डोमेन-ओके=/ऑफिस.इंटर्नल/ एवढंच टाका.