पार्श्वभूमी : फॉलफॉक्स आणि फॉलफिरी आले कुठून?

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात, फुप्फुसात पोहोचला की रुग्णाच्या कागदांवर बहुधा दोनपैकी एक नाव येते : फॉलफॉक्स किंवा फॉलफिरी. बाजारात या नावाची बाटली मिळत नाही. ही पाककृतींची नावे आहेत. 'फॉल' म्हणजे फोलिनिक आम्ल, म्हणजेच ल्यूकोव्होरिन. 'एफ' म्हणजे ५-फ्लुओरोयुरॅसिल, बोलताना ५-एफयू. शेवटची अक्षरे ऑक्झॅलिप्लॅटिनची किंवा इरिनोटेकॅनची. कोणते औषध किती मिलिग्रॅम, हे सगळेच विचारतात. ते किती तासांत शरीरात जाते, हे मात्र मागे पडते, आणि या मिश्रणांचा इतिहास बराचसा त्या तासांचाच आहे.

५-एफयू १९५७चे. उंदरांच्या यकृतातल्या गाठी निरोगी ऊतींपेक्षा युरॅसिल जास्त ओढून घेतात, हे आधी दिसले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरॅसिलच्या पाचव्या जागी फ्लुओरिनचा अणू बसवला. पेशी हे बनावट युरॅसिल आत घेते, थायमिडिलेट सिंथेस नावाचे विकर त्यात अडकते आणि डीएनएसाठी लागणाऱ्या थायमिडीनचा पुरवठा तुटतो. ल्यूकोव्होरिन स्वतः गाठ मारत नाही. ते ही अडकलेली जोडी सुटू देत नाही. पहिले खरे मिश्रण हेच. नऊ चाचण्यांची आकडेवारी १९९२ साली एकत्र केली, तेव्हा एकट्या ५-एफयूने ११ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या होत्या, ल्यूकोव्होरिन जोडल्यावर २३ टक्के. जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण जितके जगले तो काळ, मात्र ११ महिन्यांवरून साडेअकरावर गेला, एवढेच. गाठ आकसणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी चाचण्यांमध्ये वेगळ्या मोजतात, त्या यासाठी.

अमेरिकेत तेव्हा मेयो पद्धत चाले : दर चौरस मीटर शरीरपृष्ठाला ४२५ मिलिग्रॅम ५-एफयू आणि २० मिलिग्रॅम ल्यूकोव्होरिन, सलग पाच दिवस, दर चार-पाच आठवड्यांनी. ५-एफयू सिरिंजने झटक्यात, म्हणजे बोलसने, जाई. अडचण अशी की रक्तातले निम्मे औषध दहा-वीस मिनिटांत नाहीसे होते. म्हणजे तेवढा वेळ मोठा मारा, आणि मग जवळजवळ काहीच नाही. त्या माऱ्याने पांढऱ्या पेशी उतरतात, तोंड सोलते. फ्रान्समध्ये आइमेरी द ग्रामाँ यांच्या गटाने थोडे औषध बोलसने दिले आणि उरलेले २२ तास संथ सोडले, असे दोन दिवस, दर पंधरवड्याला. १९९७ साली या पद्धतीची मेयोच्या धर्तीवरच्या मासिक पद्धतीशी तुलना प्रसिद्ध झाली. गाठ आकसण्याचे प्रमाण १४.४ वरून ३२.६ टक्के झाले आणि तीव्र दुष्परिणाम २३.९ वरून ११.१ टक्क्यांवर आले. संथ ५-एफयूची त्रास देण्याची जागाही वेगळी : तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात.

आज याची सुटसुटीत आवृत्ती वापरतात. ल्यूकोव्होरिन ४०० दोन तासांत, ५-एफयू ४०० बोलस, मग २४०० मिलिग्रॅम ४६ तासांत. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेशी जोडलेली छोटी डबी, बसवलेला असतो. त्याला फुग्याचा पंप जोडून रुग्ण घरी जातो आणि तिसऱ्या दिवशी सुई काढायला येतो. फुगा वेळेआधी रिकामा झाला तर ४६ तासांचे औषध भराभर आत गेले असे समजायचे. रुग्णाने घरी थांबून वाट पाहायची ही गोष्ट नव्हे.

इरिनोटेकॅनची कुळकथा मराठी वाचकाला जवळची आहे. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. ते पाण्यात नीट विरघळत नसे. जपानमध्ये त्यातून विरघळणारे इरिनोटेकॅन तयार झाले. सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडातही हेच रसायन आहे, हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. पुढे परदेशी मागणीसाठी पश्चिम घाटातला नरक्या बेसुमार तोडला गेला, ती त्याच यशाची दुसरी बाजू.

१९९८ साली दोन चाचण्यांनी सिद्ध केले की ५-एफयू निकामी ठरल्यावरही इरिनोटेकॅनने आयुष्य वाढते. मग दोन्ही एकत्र देण्याची घाई झाली. युरोपने संथ ५-एफयूशी जोडणी केली : जगण्याचा मध्यांक १४.१ वरून १७.४ महिने. अमेरिकेने बोलसशी जोडून आयएफएल ही पद्धत काढली. इरिनोटेकॅन १२५, ५-एफयू ५००, ल्यूकोव्होरिन २०, आठवड्याला एकदा, चार आठवडे, मग दोन आठवडे सुटी. ६८३ रुग्णांच्या चाचणीत मध्यांक १२.६ वरून १४.८ झाला आणि आयएफएल तिथली मान्य पद्धत ठरली.

२००१च्या वसंतात दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांमध्ये पहिल्या ६० दिवसांतले मृत्यू मोजताना आयएफएलच्या गटात ते इतर गटांच्या दुपटीहून जास्त निघाले. कारण गुंतागुंतीचे असले तरी समजण्यासारखे आहे. इरिनोटेकॅनचे जुलाब दोन प्रकारचे. पहिले सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी, पोटात कळ आणि घामासकट, त्यावर अॅट्रोपीन. दुसरे काही दिवसांनी, आतड्याचे अस्तर सोलल्यामुळे. त्यावर लोपेरामाइड, आधी ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २. हे दुसरे जुलाब येतात तेव्हाच पांढऱ्या पेशी तळाला असतात. वरून आठवड्याचे पुढचे इंजेक्शन ठरल्या वारी दिले गेले, की फाटलेल्या अस्तरातून जंतू रक्तात शिरतात आणि लढायला पेशी नसतात. तपास समितीने म्हणूनच सांगितले, की जुलाब पूर्ण थांबल्याखेरीज पुढचा डोस नको, पहिल्या आवर्तनात दर आठवड्याला डॉक्टरांनी स्वतः तपासावे, लांबलेल्या जुलाबांवर प्रतिजैविके द्यावीत.

याच दोनांपैकी एका चाचणीत फॉलफॉक्सने आयएफएलला मागे टाकले : १९.५ विरुद्ध १५ महिने. निकाल गाजला, पण तो जपून वाचायला हवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, औषधही आणि ५-एफयू देण्याची रीतही. शिवाय फॉलफॉक्सवाल्यांना नंतर इरिनोटेकॅन सहज मिळे. आयएफएलवाल्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन अमेरिकेत तेव्हा तितके सहज मिळत नव्हते. फ्रान्समधल्या २२० रुग्णांच्या चाचणीने २००४ साली हा गोंधळ निस्तरला. आधी फॉलफिरी मग फॉलफॉक्स : २१.५ महिने. उलट क्रमाने : २०.६. फरक नाही म्हटले तरी चालेल. २००७ साली तर तीच तीन औषधे एकमेकांसमोर उभी केली, एका बाजूला संथ ५-एफयूची फॉलफिरी, दुसऱ्या बाजूला बोलसची सुधारित आयएफएल. आजार पुढे सरकेपर्यंतचा काळ ७.६ आणि ५.९ महिने.

ऑक्झॅलिप्लॅटिन जपानमधल्या नागोयात योशिनोरी किदानी यांनी १९७६ साली बनवले, नावारूपाला आले फ्रान्समध्ये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते जोडल्यावर गाठी आकसण्याचे प्रमाण २२.३ वरून ५०.७ टक्के झाले. जगण्यातला फरक, १६.२ विरुद्ध १४.७ महिने, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, कारण दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना पुढे नवी औषधे मिळालीच. अमेरिकी नियामकाच्या सल्लागारांनी त्या वर्षी मान्यतेच्या विरोधात कौल दिला. मान्यता २००२ साली आली, तीही आधी दुसऱ्या फळीसाठी, म्हणजे पहिले उपचार निकामी ठरल्यावर.

हे औषध मिठाच्या सलाइनमध्ये मिसळायचे नाही, क्लोराइडने ते बिघडते; पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचे. ५-एफयू अल्कधर्मी, म्हणून दोन्ही एका नळीत एकत्र नकोत. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांना मुंग्या, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. हे काही दिवसांत ओसरते, पण एकूण मात्रा दर चौरस मीटरला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की टिकून राहणारा बधिरपणा सुरू होऊ शकतो, शर्टाचे बटण लावता येत नाही. तो टाळायला कॅल्शियम-मॅग्नेशियम देण्याची एक चाचणी २००७ साली मध्येच थांबवली, त्याने केमोचा गुण कमी होतो अशा शंकेने. नंतर स्वतंत्र क्ष-किरणतज्ज्ञांनी चित्रे पुन्हा पाहिली तर ती शंका खोटी निघाली. २०१४च्या चाचणीत मग कळले, की कॅल्शियम-मॅग्नेशियमने बधिरपणाही टळत नाही.

पुढची भर प्रतिपिंडांची. २००४ साली बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारे प्रतिपिंड, आयएफएलशी जोडल्यावर मध्यांक १५.६ वरून २०.३ झाला, ऑक्झॅलिप्लॅटिनच्या मिश्रणांशी जोडल्यावर १४०१ रुग्णांत जगण्यातला फायदा ठामपणे दिसला नाही. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड वेगळ्या दाराने काम करते, गाठीच्या पेशीला वाढीचा इशारा पोहोचू देत नाही. मग दोन्ही एकदम दिली तर? २००९च्या डच चाचणीत आजार आवरून राहण्याचा काळ १०.७ वरून ९.४ महिन्यांवर घसरला. सेटुक्सिमॅबच्याच जातीचे पॅनिटुमुमॅब बेव्हॅसिझुमॅबसोबत दिलेल्या अमेरिकी चाचणीतही तेच : जगणे २४.५ वरून १९.४ महिने. गाठीतल्या केरास जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅब लागू पडतच नाही, हेही तेव्हाच उमगले. आता तो तपास झाल्याशिवाय ते देत नाहीत.

बीराफ जनुकात व्ही६००ई हा बदल असलेल्यांचे निकाल सर्वांत वाईट असत. २०२५ साली आलेल्या ब्रेकवॉटर चाचणीत एन्कोराफेनिब, सेटुक्सिमॅब आणि फॉलफॉक्स एकत्र दिल्यावर आजार आवरून राहण्याचा काळ ७.१ वरून १२.८ महिने झाला. एन्कोराफेनिब ही बदललेल्या बीराफला रोखणारी, रोज गिळायची कॅप्सूल आहे. ५-एफयू त्या गटातही पंपानेच, ४६ तास.