सबवूफर घेण्याआधी खोली मोजा

दिवाळीत माझ्या धाकट्या मावसभावानं नवी स्पीकर सिस्टीम घेतली. दोन छोटे स्पीकर आणि दहा इंची वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "दादा, सबवूफर वाजतच नाही. दुकानातून बदलून आणला, तरी तेच." मी डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो. त्यानं मला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि सिनेमातला स्फोटाचा प्रसंग लावला. पडद्यावर पूल कोसळला, पण कानावर आला तो नुसता वरवरचा कडकडाट. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, "आवाज कमी करा रे, ओट्यावरच्या ताटल्या थरथरतायत!"

म्हणजे सबवूफर व्यवस्थित वाजत होता. फक्त सोफ्यावर पोचत नव्हता.

सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो, असं दुकानात हमखास सांगतात. त्यात अर्धं तथ्य आहे. आपले दोन कान जेमतेम १८ सेंटीमीटर अंतरावर आहेत आणि ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, आवाजाची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असते. एवढी लांब लाट दोन्ही कानांवर जवळजवळ एकसारखीच येते, त्यामुळे ती कुठून आली ते मेंदूला नीट कळत नाही. म्हणूनच खर्जाचा स्पीकर वेगळा काढून बाजूला ठेवता येतो. पण दिशा कळत नाही म्हणजे जागेनं काहीच फरक पडत नाही, असं मुळीच नाही.

आधी तो वेगळा का लागतो ते पाहू. स्पीकरचा पडदा हवा ढकलून आवाज काढतो. वारंवारता निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. १६० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर आलो की सोळापट. जमिनीवर ठेवलेल्या तीन इंची स्पीकरकडून एक मीटरवर ४० हर्ट्झचा, ९० डेसिबलचा सूर हवा असेल, तर त्याच्या पडद्याला मधल्या जागेपासून पुढे आणि मागे जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर हलावं लागेल. तेवढ्यात तो फाटेल. दहा इंची पडद्याला याच कामाला दोन-सव्वादोन मिलिमीटर पुरतात. त्यात आपला कानही खर्जाला मंद. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून मांडलं. बेताच्या आवाजात ४० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटायला हवा असेल, तर तो ३५ ते ४० डेसिबल जास्त जोरात वाजवावा लागतो.

आता खोलीकडे वळतो. खरी गंमत इथे आहे आणि स्पीकरच्या जाहिरातीत तिच्याबद्दल एक अक्षर नसतं.

भावाचा हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद. टीव्ही एका आखूड भिंतीवर, सोफा बरोबर मध्ये, त्याच्यामागे डायनिंग टेबल आणि टोकाला स्वयंपाकघराचं दार. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज आपटून परत येतो. दोन भिंतींमधलं अंतर तरंगलांबीच्या बरोबर निम्मं असेल, तेव्हा जाणारी आणि येणारी लाट एकमेकींवर अशा बसतात की हवेत स्थिर तरंग तयार होतो. सोळा फुटांसाठी ही वारंवारता येते सुमारे ३५ हर्ट्झ. या तरंगात भिंतीपाशी हवेचा दाब सर्वांत जास्त हेलकावतो आणि हॉलच्या बरोबर मधोमध जवळजवळ हलतच नाही. कानाला कळतो तो दाबातला हा हेलकावा. म्हणून ३५ हर्ट्झचा स्फोट टीव्हीच्या भिंतीशी आहे, मावशीच्या दाराशी आहे, आणि मधल्या सोफ्यावर नाही.

रुंदीचंही तसंच. दहा फुटांसाठी ही वारंवारता ५७ हर्ट्झच्या आसपास, आणि तिचाही दाब रुंदीच्या मध्यावर नाहीसा होतो. सोफ्यावरची मधली जागा लांबीच्याही मध्यावर आणि रुंदीच्याही. पाहुण्याला मानानं बसवतात ती जागा खर्जासाठी घरातली सर्वांत वाईट!

लांबीचा दुसरा स्थिर तरंग मात्र ७१ हर्ट्झचा, आणि त्याचा दाब मधोमध पुन्हा कमाल असतो. भावानं एक चमत्कारिक गोष्ट सांगितली होती, सिनेमातले धमाके गायब, पण ख्याल लावला की तानपुरा नको इतका घुमतो. गायकाचा सा काळी एक, म्हणजे १३९ हर्ट्झच्या जवळपास. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. ती नेमकी या ७१च्या शेजारी येऊन बसली होती.

"मग मोठा सबवूफर घेऊ का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. याचं उत्तर एका गुणाकारात आहे. प्रत्येक स्थिर तरंगासाठी खोलीतल्या प्रत्येक जागेला एक आकडा देता येतो. टीव्हीच्या भिंतीशी १, दाब नाहीसा होतो तिथे ०, मधल्या जागी त्यांच्यामधलं काहीतरी, आणि शून्याची जागा ओलांडली की ऋण. तुम्हाला किती ऐकू येईल ते ठरतं सबवूफरच्या जागेचा आकडा गुणिले तुमच्या जागेचा आकडा यावर. तुमच्या जागेचा आकडा शून्य असेल तर पलीकडे शंभर वॅट असोत की हजार, गुणाकार जवळजवळ शून्यच. ऐकू येणारा आवाज म्हणजे अशा सगळ्या तरंगांच्या गुणाकारांची बेरीज, प्रत्येकाची वारंवारता आणि कला (लाट कुठल्या टप्प्यावर आहे ते) सांभाळून केलेली.

गुणाकारात ३ गुणिले ५ काय आणि ५ गुणिले ३ काय. म्हणजे सबवूफर आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८६० साली आवाजासाठी मांडलं आणि पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेनं ते आणखी व्यापक केलं. मला ते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं, कारण ते घरी वापरता येतं. सबवूफर सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवायचा. मोबाइलवरून ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावायचा. मग भिंतीच्या कडेकडेनं, कान जमिनीजवळ ठेवून, रांगत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे भरलेले ऐकू येतील, एकही फुगणार नाही की बुडणार नाही, ती सबवूफरची जागा.

आम्ही दोघं रांगलो. पण आधी सोफा दोन फूट मागे घेतला आणि थोडा बाजूला सरकवला, कारण शून्याला दुसरा उपाय नाही. त्यानं, ऋण चिन्ह सोडलं तर, ३५ हर्ट्झचा आकडा ० वरून ०.३८ झाला आणि ७१ हर्ट्झचा १ वरून ०.७ वर उतरला. जागा सापडली लांब भिंतीला लागून, टीव्हीच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर. चार फूट म्हणजे लांबीचा बरोबर चौथा भाग, आणि तिथे ७१ हर्ट्झच्या तरंगाचा दाब शून्य असतो. तिथे बसलेला सबवूफर त्या घुमणाऱ्या सुराला हातच लावू शकत नाही. आम्ही कानानं शोधलेली जागा मी नंतर टेपनं मोजली. हिशोबापेक्षा दोन बोटं इकडे होती.

सबवूफर आधी आग्नेय कोपऱ्यात होता, विजेची वस्तू आग्नेयेला हवी असं कुणीतरी सांगितलं म्हणून. लाटेला होकायंत्र नसतं. कुठलाही कोपरा प्रत्येक तरंगाचा आकडा कमाल करतो, ईशान्य असो की आग्नेय. खोक्यावरच्या 'पीएमपीओ'च्या, म्हणजे क्षणभराच्या कागदी कमाल ताकदीच्या, हजारो वॅटचंही तेच. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॅटच्या वर वीज सतत घेता येत नाही. मग स्पीकर दहा हजार वॅट कुठून आणणार? आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा. सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा.

परदेशी व्हिडिओतले सल्लेही जपून घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या. त्या थोड्या लवतात आणि खर्ज गिळतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात, म्हणून आपल्याकडे स्थिर तरंग जास्त तीव्र.

खरेदी करताना मी तीनच गोष्टी पाहतो. छोटे स्पीकर किती खाली जातात? ते १५० हर्ट्झलाच थांबत असतील तर वरचा भाग सबवूफरला उचलावा लागतो आणि निवेदकाचा भारदस्त आवाज कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो. शंभराच्या खाली जाणारे घ्या, म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपास वाटणी करता येते. दुसरं, सबवूफरचं खोकं बंद आहे की छिद्राचं? छिद्राचं खोकं एका ठरावीक सुरापर्यंत जोरदार वाजतं आणि त्याखाली झपाट्यानं ढासळतं. बंद खोकं हळूहळू उतरतं. छोट्या हॉलमध्ये मला बंदच आवडतं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सबवूफर हलवता येतो का? पुष्कळ स्वस्त सेटमध्ये सगळा अँप्लिफायर सबवूफरच्या पोटात असतो आणि छोट्या स्पीकरच्या वायरी दीड-दोन मीटरच्या. मग तो टीव्हीजवळून हलतच नाही.

भावाचंही तेच झालं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच मीटर वायर आणली, सबवूफरखाली रबराचा जाड तुकडा घातला. त्याचा नॉब आधी शेवटपर्यंत फिरवलेला होता. आता तो निम्म्याच्याही खाली आहे, पूल कोसळतो तो सोफ्यावर कळतो, आणि ओट्यावरच्या ताटल्या गप्प आहेत.