आंत्रजन्य जिवाणूंविरुद्ध डीएनए लस

पटकी (कॉलरा), विषमज्वर (टायफॉइड), जिवाणुजन्य आमांश अशा आतड्याच्या रोगांविरुद्ध विकसित होत असलेला लशीचा प्रकार. यात रोगजंतू टोचत नाहीत. त्याच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक प्लास्मिड नावाच्या वर्तुळाकार डीएनएत बसवून शरीरात सोडतात. ते प्रथिन मग आपल्याच पेशी बनवतात आणि प्रतिकारयंत्रणा त्याची ओळख करून घेते. गंमत अशी, की हे प्लास्मिड ज्यात वाढवतात तो ई. कोलाय जिवाणू मूळचा आतड्यातलाच रहिवासी आहे.

उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला तरी प्रथिन तयार होते, हे 1990 मध्ये दिसून आले. माणसांसाठी मंजूर झालेली पहिली डीएनए लस भारतातली, झायकोव्ह-डी (ऑगस्ट 2021). पण ती कोरोना विषाणूविरुद्धची. आतड्याच्या जिवाणूंचे काम अधिक किचकट आहे. दंडात टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात, मात्र पटकीचा जंतू रक्तात न शिरता आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो, आणि तिथे पहारा लागतो तो अस्तरातून स्रवणाऱ्या आयजीए प्रतिपिंडांचा. त्याहून मोठी अडचण म्हणजे, विषमज्वराच्या जंतूचे व्हीआय आवरण शर्करेचे असते, आणि जनुकातून घडते ते प्रथिन; शर्करा थेट घडत नाही. म्हणूनच सध्याच्या संयुग्मी लशीत ती शर्करा वाहक प्रथिनाला जोडलेली असते. शिवाय जिवाणूचे प्रथिन आपल्या पेशीत तयार होताना त्यावर नको तिथे शर्करा चढून त्याचे रूप बदलू शकते.

यावर सुचलेली युक्ती धाडसी म्हणावी लागेल: रोगजंतूलाच दुबळे करून हमाल बनवायचे. 1995 मध्ये शिगेला या आमांशाच्या जिवाणूचा असा एक वाण वापरण्यात आला. पेशीभित्तिकेचा एक घटक त्याला स्वतः बनवता येत नसल्याने तो आपल्या पेशीत शिरल्यावर फुटतो आणि प्लास्मिड आत मोकळे होते. तोंडावाटे देता येण्याजोगा हा मार्ग आतड्याच्या अस्तराला थेट भिडतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला लस हा विषय परका नाही. बेळगावातल्या टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो हे नाव देवीच्या लशीच्या काळातले आहे, जेव्हा लस वासराच्या कातडीवर वाढवत. चिकोडी, अथणीकडे कृष्णेचा पूर विहिरींत शिरतो, तेव्हा जुलाबाची धास्ती आजही असते. प्लास्मिड उष्णतेत तुलनेने टिकाऊ असल्याने खानापूरच्या जांबोटी-कणकुंबीसारख्या धुवांधार पावसाच्या भागात शीतपेटीचा भार त्यामुळे हलका होऊ शकेल. आतड्याच्या कोणत्याही जिवाणूविरुद्ध माणसांसाठी मंजूर डीएनए लस मात्र अद्याप नाही. तोवर भिस्त विषमज्वराच्या संयुग्मी लशीवर, पटकीच्या तोंडावाटे घ्यायच्या लशीवर आणि उकळलेल्या पाण्यावर.