गोडेलची ईश्वरसिद्धी

ईश्वराचे अस्तित्व आकारिक तर्कशास्त्राच्या चिन्हभाषेत, फक्त व्याख्या आणि गृहीतकांवरून सिद्ध करू पाहणारा कुर्ट गोडेल (१९०६–१९७८) या तर्कशास्त्रज्ञाचा युक्तिवाद. न्यायदर्शनात उदयनाचार्य घटावरून कुंभाराचे अनुमान करावे तसे कार्यरूप जगावरून त्याच्या कर्त्याकडे जातात. गोडेल जगाकडे पाहतच नाहीत. त्यांची वाट ॲन्सेल्म या अकराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञाची, म्हणजे ईश्वराच्या संकल्पनेतूनच त्याचे अस्तित्व काढण्याची. या वाटेत एक कडी गाळलेली आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांचे म्हणणे होते: ईश्वराची कल्पना मुळात विसंगतीमुक्त आहे, हे आधी दाखवायला हवे. गोडेल यांनी नेमकी तीच कडी हाती घेतली.

युक्तिवादाचा पाया ‘सद्गुण’ ही कल्पना. कोणताही गुण किंवा त्याचा अभाव यांपैकी एकच सद्गुण असतो. सद्गुणातून अपरिहार्यपणे निघणारा गुणही सद्गुणच. सर्व सद्गुण असणे, म्हणजेच ईश्वरत्व, हा सद्गुण. आणि अवश्य अस्तित्व, म्हणजे नसणे अशक्यच असे अस्तित्व, हाही सद्गुण. पहिल्या दोन गृहीतकांवरून प्रत्येक सद्गुण कोणाच्या तरी ठायी असणे शक्य ठरते. म्हणून ईश्वर शक्य. पण त्याचे अस्तित्व असलेच तर अवश्य असणार, आणि ‘शक्य’-‘अवश्य’ यांच्या तर्कशास्त्रात, म्हणजे मोडल लॉजिकमध्ये, जे अवश्य असणे शक्य आहे ते अवश्य असतेच.

गोडेल यांनी ही मांडणी १९७० मध्ये तर्कशास्त्रज्ञ डॅना स्कॉट यांना दाखवली, पण छापली नाही. आपण ईश्वर मानतो असा लोकांचा समज होईल, आपण तर केवळ तार्किक शोध घेत आहोत, असे त्यांनी मित्र ओस्कार मॉर्गेनस्टर्न यांना सांगितले होते. ती १९८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

२०१३ मध्ये क्रिस्टोफ बेंझम्युलर आणि ब्रूनो वोल्टझेनलोगेल पालेओ या संशोधकांनी स्कॉट यांनी या युक्तिवादाचा केलेला पाठ संगणकाकडून तपासून घेतला. ‘संगणकाने देव सिद्ध केला’ अशा थाटात त्याची बातमी झाली, ती चुकीची होती. संगणकाने तपासले ते एवढेच, की ही गृहीतके मानली तर निष्कर्ष निघतो. ती का मानावीत, हे कोणतेही आकारिक तर्कशास्त्र सांगत नाही. त्याच संशोधनात हाती लागलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: गोडेल यांची मूळ गृहीतके परस्परविसंगत निघाली. अवश्य अस्तित्वाची व्याख्या ज्यावर उभी आहे त्या ‘सार’ (वस्तूचे बाकी सर्व गुण ज्यातून निघतात तो गुण) या संकल्पनेच्या व्याख्येत, सार हा त्या वस्तूचा स्वतःचा गुण असावा, ही अट राहून गेली होती. स्कॉट यांनी ती घातली होती, म्हणून त्यांचा पाठ सुसंगत राहिला.

सर्वांत गंभीर आक्षेप तत्त्वज्ञ जॉर्डन हॉवर्ड सोबेल यांचा. ही गृहीतके स्वीकारली तर जे जे सत्य ते सर्व अवश्य सत्य ठरते. आज पाऊस पडला असेल, तर तो न पडणे अशक्यच होते. मग माणसाला निवड उरत नाही आणि ईश्वरालाही उरत नाही. तत्त्वज्ञ सी. अँथनी अँडरसन यांनी १९९० मध्ये गृहीतके सौम्य करून हा दोष टाळला. त्यांच्या मांडणीत एखादा गुण आणि त्याचा अभाव यांपैकी कोणताच सद्गुण नसू शकतो.